आवाजाचे पैसे वेगळे, एडिटिंगचे वेगळे: व्हॉइसओव्हर कलाकाराने जादा कामाचे दर कसे ठरवावेत

“ताई, आवाज फारच छान लागलाय. फक्त फाइली स्लाइडप्रमाणे वेगळ्या करून द्याल का?”

सुरुवातीच्या काळात एका एजन्सीकडून आलेल्या या मेसेजला मी लगेच “हो, देते ना” असं उत्तर दिलं. स्लाइड निघाल्या ६२. प्रत्येक तुकडा कापायचा, पुढचा-मागचा श्वास साफ करायचा, त्यांनी दिलेल्या एक्सेल शीटमधलं नाव फाइलला द्यायचं, मग नाव बरोबर आहे ना ते पुन्हा ऐकून तपासायचं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. बिल पाठवलं ते फक्त आवाजाचं, कारण या कामाला वेगळे पैसे मागता येतात हे डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या कामात त्याच एजन्सीने फाइली वेगळ्या करून मिळणार हे गृहीतच धरलं. त्यांना दोष देता येत नाही. सवय मीच लावली होती.

घरी छोटा स्टुडिओ करून काम करणाऱ्या बहुतेक मराठी कलाकारांचं असंच होतं. पूर्वी स्टुडिओत जायचं, माइकसमोर वाचायचं आणि घरी यायचं. एडिटिंग, मिक्सिंग साउंड इंजिनिअर करायचा आणि त्याचे पैसे स्टुडिओ वेगळे घ्यायचा. आता ती खुर्चीही आपल्याच घरात आली, पण तिचं बिल कुठे हरवलं ते कळलंच नाही. ते कसं करायचं, माझी जी पद्धत बसली आहे ती इथे क्रमाने लिहिते. आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमचे तुम्हाला काढावे लागतील, आणि ते कसे काढायचे तेच मुख्य सांगायचं आहे.

आधी ठरवा: आवाजाच्या पैशात काय येतं?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय दरपत्रक करू नका. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाला वापरता येईल अशी स्वच्छ फाइल देणं हा आवाजाच्या मानधनाचाच भाग आहे. तुमच्या खोलीतला पंखा, इन्व्हर्टरची ५० हर्ट्झची घरघर, खिडकीत बसलेली कबुतरं, शेजारच्या कुकरची शिट्टी हे सगळं काढायला लागणारा वेळ तुमचा. त्याचे पैसे ग्राहकाकडे मागायचे नाहीत. गणपतीच्या आधीचे काही आठवडे आमच्या मागच्या मैदानात संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव चालतो. तो आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही, शब्दांची कडच खाल्ली जाते. त्या दिवसांत मी रात्री साडेदहानंतर रेकॉर्ड करते. ती गैरसोय माझी.

तसंच चुकलेला शब्द, अडखळलेलं वाक्य, तोंडाचा चिकट आवाज, माइकवर फुटलेला ‘प’ किंवा ‘फ’ हे सगळं माझ्या वाचनातून आलेलं असतं. ते दुरुस्त करून देणं माझं कर्तव्य.

याच्या पुढे जे काही मागितलं जाईल ते जादा काम. फाइली तोडणं, व्हिडिओच्या वेळेत बसवणं, मागे संगीत घालणं, दुसऱ्याचं रेकॉर्डिंग साफ करणं, फोनसारख्या खास फॉरमॅटमध्ये देणं, पूर्ण एडिटिंग आणि मास्टरिंग (शेवटी आवाजाची पातळी ठरलेल्या मापात बसवणं), स्क्रिप्टची भाषा सुधारणं.

टक्केवारीचा हिशोब का चालत नाही

अनेक जण “आवाजाच्या वर २० टक्के एडिटिंगचे” असं लावतात. सोपं आहे, पण बसत नाही. आवाजाचं मानधन वेळेवर नसतं, वापरावर असतं. तीस सेकंदांची जाहिरात वर्षभर टीव्हीवर चालणार असेल तर मानधन मोठं असतं, एडिटिंगला मात्र दहा मिनिटंही लागत नाहीत. उलट, आठ तासांच्या बोलत्या पुस्तकात मिनिटाचा दर कमी असतो आणि एडिटिंगला वाचनाच्या दुप्पट वेळ जातो. जाहिरातीत २० टक्के लावलेत तर ग्राहकाला डोईजड होतं, पुस्तकात लावलेत तर तुम्ही बुडता.

म्हणून आवाज वापराच्या हिशोबाने आणि हातचं काम वेळेच्या हिशोबाने. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

पायरी पहिली: घड्याळ लावा

पुढची तीन-चार कामं करताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटं लिहा. अंदाज बांधू नका, अंदाज नेहमी कमी निघतो. दहा मिनिटांच्या तयार ऑडिओसाठी माझी नोंद साधारण अशी निघाली:

रेकॉर्डिंग २५ मिनिटं. हे आवाजाच्या मानधनात येतं.
टेक निवडणं आणि लांबलेले श्वास कापणं ३० मिनिटं.
ईक्यू (जाड-बारीक स्वरांचा तोल), कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), लेव्हल ८ मिनिटं.
स्क्रिप्ट समोर धरून पूर्ण ऐकणं १२ मिनिटं.
एक्सपोर्ट, नावं देणं, ड्राइव्हवर चढवणं १० मिनिटं.

म्हणजे दहा मिनिटांच्या ऑडिओमागे एक तास हातचं काम. यातली शेवटून दुसरी ओळ नवखे कलाकार धरतच नाहीत. दहा मिनिटांचं ऑडिओ ऐकायला दहा मिनिटं लागणारच, आणि चूक सापडली की अजून दोन. हे ऐकणं टाळलं की गाळलेला शब्द ग्राहकाला सापडतो.

आणखी एक गोष्ट याच नोंदीतून कळली. रेकॉर्ड करताना चुकलं की मी आता माइकजवळ एक टिचकी वाजवते. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात, तिचा उंच टोकदार काटा दिसतो, त्यामुळे रिटेकची जागा शोधत बसावं लागत नाही. अडखळलं की ताबडतोब मागे जाऊन त्यावरच पुन्हा रेकॉर्ड करायचं, या पद्धतीला आपल्याकडे ‘पंच’ म्हणतात, ती जमली तर वेळ आणखी घटतो. तुम्ही वेगवान झालात म्हणून दर कमी करायचा नाही. तो वेग तुम्ही मेहनतीने कमावला आहे.

पायरी दुसरी: तासाचा दर काढा

समजा घरासाठी महिन्याला ५०,००० रुपये हवेत. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, माइक आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून १०,०००. झाले ६०,०००. आता महिन्यात पैसे मिळवून देणारे तास किती? दिवसाचे आठ धरू नका. ऑडिशन पाठवणं, स्क्रिप्टवर फोन, ईमेल, थकलेल्या बिलाचा पाठपुरावा यातच अर्धा दिवस जातो. चार तास आणि पंचवीस दिवस, म्हणजे १०० तास. ६०,००० भागिले १००, तासाला ६०० रुपये.

वरच्या नोंदीप्रमाणे दहा मिनिटांच्या तयार ऑडिओला एक तास लागतो, म्हणजे तयार मिनिटाला ६० रुपये. त्यावर थोडं जास्तीचं धरा, कारण प्रत्येक काम ठरल्याप्रमाणे सरत नाही. ७० रुपये. झाला तुमचा पूर्ण एडिटिंगचा दर.

‘तयार मिनिट’ हा शब्द कोटेशनमध्ये जरूर लिहा. ग्राहकाला तुमचे तास नकोत, त्याला शेवटी हाती येणारी मिनिटं मोजता येतात. शब्दसंख्येवरून मिनिटांचा अंदाज देताना मराठीत मिनिटाला साधारण १२० शब्द धरा. इंग्रजीतून काम आणणारे समन्वयक १५० धरून येतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात, ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द झाला, हे त्यांना उदाहरण देऊन दाखवलं की पटतं.

पायरी तिसरी: प्रत्येक कामाचं माप ठरवा

सगळी कामं मिनिटांवर मोजता येत नाहीत. इथेच दरपत्रक खरं तयार होतं.

फाइली तोडून नावं देण्याचा दर नगावर. माझ्या नोंदीत एका फाइलला तीन मिनिटं लागतात, म्हणजे ३० रुपये. ऑडासिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबल लावून किंवा रीपरमध्ये रीजन करून सगळ्या फाइली एका फटक्यात बाहेर काढता येतात, तरी प्रत्येक फाइलची सुरुवात-शेवट आणि नाव तपासावंच लागतं. एक नाव चुकलं की पुढच्या सगळ्या स्लाइडवर भलताच आवाज येतो.

व्हिडिओच्या वेळेत आवाज बसवायचा असेल तर तयार मिनिटाचा दर दुप्पट. मूळ व्हिडिओ इंग्रजी किंवा हिंदी असतो, त्यात सहा सेकंदांत संपलेलं वाक्य मराठीत आठ सेकंद घेतं. मग एकतर भरभर वाचायचं, नाहीतर वाक्य नव्याने बांधायचं. वाक्य बांधणं हेच योग्य, आणि त्याला डोकं लागतं.

दुसऱ्याचं रेकॉर्डिंग साफ करण्याचं काम फक्त तासावर घ्या, आणि नमुना ऐकल्याशिवाय आकडा सांगू नका. मोबाइलवर सभागृहात केलेल्या भाषणाचा घुमणारा आवाज किती सुटेल हे पाच मिनिटांचा तुकडा करून पाहिल्यावरच कळतं. तो तुकडा ग्राहकाला ऐकवा, “याहून जास्त सुधारणार नाही” असं लेखी सांगा, मगच पुढचं काम घ्या.

फोनवरच्या आयव्हीआरसाठी, म्हणजे ‘मराठीसाठी एक दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेसाठी, फाइल ८ किलोहर्ट्झ, मोनो, बहुधा ए-लॉ किंवा म्यू-लॉ फॉरमॅटमध्ये लागते. बदल करायला वेळ लागत नाही. पण त्या अरुंद पट्टीत ‘स’ आणि ‘फ’ यांत फरक ऐकू येईनासा होतो, म्हणून प्रत्येक वाक्य ऐकून पाहावं लागतं, कधी पुन्हा वाचावं लागतं. हे नगावर लावा. याउलट, एकच फाइल वेव्ह आणि एमपी थ्री अशा दोन्ही प्रकारांत दिली तर पैसे मागू नका. दोन क्लिकचं काम आहे आणि मागितलेत तर उगाच कंजूष दिसाल.

मास्टरिंगचा दर मी वेगळा लावत नाही, पूर्ण एडिटिंगमध्येच धरते. मात्र ग्राहकाकडून मोजमाप आधी लेखी घेते. एसीएक्स या बोलत्या पुस्तकांच्या ऑनलाइन मंचाचा नियम सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या आत आणि शांततेचा आवाज उणे ६० च्या खाली असा आहे, आणि इतर अनेक ठिकाणीही साधारण हेच धरलं जातं. युरोपातलं प्रसारणाचं ईबीयू आर-१२८ हे मान उणे २३ एलयूएफएसचं (कानाला आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप). पॉडकास्टला अॅपल उणे १६ सुचवतं. सगळं काम झाल्यावर वेगळं मोजमाप आलं तर पुन्हा एक्सपोर्ट आणि पुन्हा तपासणी, आणि त्याचे पैसे लागतील ही ओळ कोटेशनमध्ये असू द्या.

ग्राहकाला रेकॉर्डिंगच्या वेळी ऑनलाइन ऐकायचं असेल तर तासाचा दर, किमान एक तास. रातोरात हवं असेल तर एकूण रकमेवर ५० टक्के जादा. इथे टक्केवारी चालते, कारण तुम्ही मोडता ती तुमची अख्खी संध्याकाळ.

मागे हलकंसं म्युझिक

या मागणीबद्दल जरा थांबून लिहिते, कारण पैशापेक्षा मोठं संकट इथे आहे.

“मागे जरा हलकंसं म्युझिक टाका” म्हटलं की त्यात तीन कामं असतात: ट्रॅक शोधणं, त्याचा परवाना घेणं आणि आवाजाखाली नीट बसवणं. शोधण्यातच तास जातो. मी तीन पर्याय ऐकवायचे, त्यांनी एक निवडायचा, असा ठोक दर लावते. चौथा पर्याय हवा असेल तर पुन्हा पैसे.

परवान्याचे पैसे वेगळी ओळ म्हणून दाखवा, आणि परवाना शक्यतो ग्राहकाच्याच नावावर घ्यायला लावा. तुमच्या वर्गणीतून घेतलेला ट्रॅक ग्राहकाच्या जाहिरातीत चालतो का, वर्गणी संपल्यावर चालतो का, हे त्या सेवेच्या अटीत वाचून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ‘एनसी’ अक्षरं असतील तर तो ट्रॅक धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. ‘बीवाय’ असेल तर कलाकाराचं नाव द्यावंच लागतं. आणि कुणी सिनेगीताची धून मागितली तर सरळ नाही म्हणा. गाण्याच्या रचनेचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्हींची परवानगी लागते. यूट्यूबवर हक्काचा दावा ग्राहकाच्या चॅनलवर येतो, पण फोन तुम्हाला येतो.

मराठी स्क्रिप्टची दुरुस्ती

आपल्या भाषेतलं हे सर्वांत मोठं फुकट काम. एजन्सीकडून येणारी स्क्रिप्ट बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजीवरून यंत्राने केलेली असते. ‘आपल्या खात्याला लिंक करणे सुनिश्चित करा’ असलं वाक्य माइकसमोर वाचवत नाही. आपण वाचता वाचता ते ‘खातं जोडायला विसरू नका’ असं करून टाकतो. एजन्सीला वाटतं, स्क्रिप्ट चांगलीच होती.

आता मी पहिल्या पानावरची पाच वाक्यं सुधारून परत पाठवते आणि विचारते: “उरलेली अशीच करून हवी असतील तर शब्दाला ५० पैसे. नको असतील तर आहे तशी वाचते.” बहुतेक जण करून घेतात, कारण दोन्ही वाक्यं शेजारी पाहिली की फरक दिसतो. बदललेली स्क्रिप्ट रेकॉर्डिंगआधी त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायची, नाहीतर नंतर “हे वाक्य आमचं नाही” म्हणून रिटेक येतो.

रिटेक आणि पिकअप (नंतर रेकॉर्ड करून जोडायचे तुकडे)

माझी चूक असेल तर कितीही वेळा फुकट. वाचनाचा ढंग बदलून हवा असेल तर एक फेरी फुकट. स्क्रिप्ट बदलली असेल तर पैसे, आणि त्याला किमान रक्कम हवी. मी ५०० धरते, एक शब्द असला तरी.

ग्राहकाला हे जड वाटतं, म्हणून कारण सांगावं. तीन आठवड्यांनी एक शब्द जोडायचा म्हणजे तोच माइक, तेच अंतर, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) त्याच जागी, आवाजही त्याच वेळेचा. सकाळचा आवाज जड असतो, संध्याकाळचा मोकळा. माझ्या माइक स्टँडला एक दोरा बांधलेला आहे. तो ताणून हनुवटीला लावला की तोंडाचं अंतर बरोबर एक वीत राहतं. इंटरफेसवरच्या गेनच्या खुणेचा फोटो प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये ठेवते. जुनी फाइल कानात लावून दहा वेळा तोच शब्द म्हटल्यावर जोड कळेनासा होतो. एका शब्दाला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

सगळे टेक असलेली रॉ फाइल मागितली तर आधी कशासाठी ते विचारा. त्यांचा स्वतःचा एडिटर असेल तर आनंदाने द्या, त्यात तुमचं काम वाचतं. पण आवाजाची नक्कल करणारं यंत्र शिकवण्यासाठी ही फाइल वापरता येणार नाही, ही ओळ करारात असल्याशिवाय तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग कुणाच्या हाती देऊ नका.

कोटेशन कसं दिसावं

ठिबक सिंचनाच्या एका प्रशिक्षण कोर्सचं उदाहरण घेऊ. ३,००० शब्द, म्हणजे साधारण २५ मिनिटं, ४५ फाइली.

आवाज: ७,५०० रुपये
पूर्ण एडिटिंग, २५ तयार मिनिटं, ७० रुपयांनी: १,७५०
फाइली तोडणं व नावं, ४५ नग, ३० रुपयांनी: १,३५०
स्क्रिप्टची भाषा, ३,००० शब्द, ५० पैशांनी: १,५००
एकूण: १२,१००

जादा कामाचे झाले ४,६००, म्हणजे बिलाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आधी हे सगळं ७,५०० मध्ये जात होतं.

ग्राहकाने “जरा कमी करा” म्हटलं तर दर कमी करू नका, ओळ कमी करा. “फाइली तुमच्याकडे तोडून घ्या, १,३५० कमी होतील.” आणि जुन्या ग्राहकाला एखादं काम प्रेमाने फुकट द्यायचं असेल तर ती ओळ पूर्ण रकमेसह लिहा आणि खाली सूट दाखवा. ओळच गाळली तर त्या कामाला किंमत आहे हे त्याला कधीच कळत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

बिल आणि वसुली

महाराष्ट्र आणि गोव्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर या कामावर १८ टक्के लागतो, आणि दर सांगताना “जीएसटी वेगळा” हे शब्द तोंडी न ठेवता लिहा. कंपन्या टीडीएस कापून देतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ती कपात मूळ रकमेवर व्हायला हवी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या सेवा पुरवठादाराचं बिल लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. नोंदणी क्रमांक बिलाच्या तळाशी छापायला लागल्यापासून “पुढच्या महिन्यात बघू” हे उत्तर मला कमी ऐकू येतं.

जुन्या ग्राहकाला कसं सांगायचं

चालू कामात दर बदलायचा नाही. पुढच्या कामाची स्क्रिप्ट आली की हा मेसेज पाठवा, हवा तसा बदलून घ्या:

“नमस्कार सर, स्क्रिप्ट मिळाली. आवाजाचा दर पूर्वीचाच आहे. आतापर्यंत फाइली वेगळ्या करून देण्याचे पैसे मी लावत नव्हते, पण आता कामं वाढल्यामुळे त्याची वेगळी नोंद ठेवते. ४५ फाइलींचे १,३५० रुपये होतील. तुमच्या टीमकडून तोडून घेणार असाल तर मी एकच सलग फाइल, प्रत्येक स्लाइडमध्ये तीन सेकंदांचं अंतर ठेवून देईन. दोन्हींपैकी काय सोयीचं पडेल ते कळवा, म्हणजे उद्या सकाळी रेकॉर्डिंगला बसते.”

पहिल्यांदा हा मेसेज पाठवला तेव्हा ६२ स्लाइडवाल्या त्याच एजन्सीला पाठवला होता. वीस मिनिटांनी उत्तर आलं: “चालेल ताई, फाइली तुम्हीच करून द्या. बिलात जोडा.”